नोकरी सोडताना शिल्लक पीएलचे पैसे: ४१ दिवस होते, हिशेबात १२ च धरले

चाफेकळी
नमस्कार मंडळी. पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये ६ वर्षं ४ महिने काम केलं आणि गेल्या महिन्यात राजीनामा दिला. कंपनीचं नाव घेत नाही. काल फुल अँड फायनलचा (एफ अँड एफ, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा) कागद मेलवर आला. तो वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

शेवटच्या दिवशी पोर्टलवर माझी पीएल (साठवता येणारी भरपगारी रजा) शिल्लक ४१ दिवस दिसत होती. कागदावर १२ दिवसच धरलेत. उरलेल्या २९ दिवसांपुढे एकच शब्द, 'लॅप्स'. विचारलं तर एचआर म्हणाली, २०२४ च्या नव्या पॉलिसीप्रमाणे १२ च्या वरच्या रजा पुढे नेता येत नाहीत. नोकरीला लागताना मला जे हँडबुक दिलं होतं, त्यात ४५ पर्यंत साठवता येतील आणि नोकरी सोडताना सगळ्या रजांचे पैसे मिळतील असं स्पष्ट लिहिलंय.

यापुढचं जास्त लागलं. नोटीस पिरियड ९० दिवसांचा, मी ७५ भरले. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून उरलेले १५ दिवस शिल्लक रजेतून वळते करा अशी विनंती केली होती. ती मानली नाही. माझं बेसिक ३८,४००, एकूण पगार ७६,८००. रजेचा एक दिवस मला देताना बेसिकवर धरला, १,२८० रुपये. नोटीसचा एक दिवस माझ्याकडून घेताना पूर्ण पगारावर धरला, २,५६० रुपये. म्हणजे जमा १५,३६० आणि वजा ३८,४००. शेवटच्या पगारातून २३,०४० रुपये उलटे कापून घेतले.

या रजा मी हौसेने साठवल्या नव्हत्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये १० दिवस मागितले तर 'ऑडिट आहे'. मे २०२५ मध्ये १२ दिवस मागितले तर 'माणूस नाही'. दोन्ही वेळी मुलाची सुट्टी होती आणि दोन्ही वेळी तो आजीबरोबर गावाला गेला. त्या दिवसांचं मी काम केलंय. त्याचे पैसे मागणं चूक आहे का? आणि मागायचे तर कुठे?

---

पिंपरीवाला
ताई, चूक अजिबात नाही. रजा ही कमावलेली गोष्ट आहे, म्हणून तर तिला अर्जित रजा म्हणतात. वीस दिवस राबलं की एक दिवस आपल्या नावावर जमा होतो.

माझे वडील भोसरीला फिटर होते. त्यांचं रजा कार्ड पिवळ्या जाड पुठ्ठ्याचं, घामाने कडा मऊ पडलेल्या. दर महिन्याला टाइम ऑफिसच्या खिडकीवर ते भरून घ्यायचे आणि घरी आल्यावर आईच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. रेशनकार्ड, एलआयसीची पावती आणि रजा कार्ड, तिन्ही एकत्र. कंपनी बंद पडली तेव्हा मस्टर सापडत नाही म्हणून सांगितलं गेलं. वडिलांनी कार्ड पुढे केलं. २३ दिवसांचे पैसे मिळाले. ज्यांच्याकडे कार्ड नव्हतं त्यांना बरेच दिवस हेलपाटे घालावे लागले.

तुमच्याकडे पोर्टलचा स्क्रीनशॉट आहे का?

---

चाफेकळी
आहे दादा! रिलीव्ह होण्याच्या आदल्या दिवशी सहज मोबाइलवर काढला होता. तारीख दिसते. पोर्टल दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बंद झालं. रजा नाकारल्याचे दोन्ही मेल मात्र ऑफिसच्या मेलवर होते, ते आता उघडत नाहीत. फक्त मे महिन्यातला मेल मी तेव्हा नवऱ्याला फॉरवर्ड केला होता, तिकीट रद्द करायला सांगण्यासाठी. तो मिळाला.

---

कलमदान
मी बरीच वर्षं कामगार कायद्याच्या कामात आहे. नीट समजावून सांगतो, थोडं लांबेल.

तुम्ही कारखान्यात नव्हता, ऑफिसात होता. तेव्हा महाराष्ट्रात बघायचा कायदा म्हणजे आपण ज्याला अजून 'शॉप अ‍ॅक्ट' म्हणतो तो, २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम. त्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ८ दिवस किरकोळ रजा (सीएल) वेगळी. ती वर्ष संपलं की जाते, तिचे पैसे होत नाहीत. लोक सीएल आणि पीएल एकत्र मोजतात आणि मग निराश होतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता तुमच्या कामाचा भाग. १५ दिवस आधी अर्ज करूनही मालकाने रजा नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. आणि रजा मागितली, ती नाकारली गेली, नंतर माणसाने राजीनामा दिला, तर त्या शिल्लक रजेचा पगार मालकाने द्यायचा आहे. त्यामुळे 'मागितली होती आणि नाकारली' याचा पुरावा सोन्यासारखा आहे. तो मे महिन्याचा मेल जपा. नोव्हेंबरचा मेल कंपनीच्या सर्व्हरवर असणारच. तारीख आणि विषय आठवून त्याची प्रत लेखी मागा.

कंपनी तुमच्यावर एक आक्षेप घेऊ शकते, 'तुम्ही कामगार नाही, मॅनेजर आहात'. व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदावरच्या लोकांना हा कायदा लागू नाही. तुमचं पदनाम काय? हाताखाली कोणी होतं का? रजा मंजूर करणं, पगारवाढ सुचवणं असं काही तुमच्याकडे होतं का?

---

चाफेकळी
पदनाम 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह'. हाताखाली कोणी नाही. व्हेंडरची बिलं तपासणं, एंट्री, जीएसटीचं रिकन्सिलिएशन (जुळवणी). स्वतःची रजासुद्धा मंजूर करता येत नव्हती, दुसऱ्याची कुठून करणार.

---

कलमदान
मग पदनामाला घाबरू नका. कोर्ट पाटीवर काय लिहिलंय ते बघत नाही, रोजचं काम काय होतं ते बघतं. अर्जात वर लिहिलंत तेच शब्द लिहा: बिलं तपासणे, एंट्री, रिकन्सिलिएशन.

---

शिवडीचा_सुरेश
कारखान्यातल्यांसाठी लिहितो, कारण वाचणारे बरेच जण तिथले असतील. १९४८ च्या फॅक्टरीज अ‍ॅक्टचं (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कलम ७९ आमच्या युनियनमध्ये पाठ असायचं. नोकरी सोडली, काढून टाकलं, काहीही झालं तरी शिल्लक रजेचा पगार द्यायचा. त्या वर्षाचे २४० दिवस भरले नसले तरी झालेल्या दिवसांच्या प्रमाणात द्यायचा. आणि कधी? दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत. पुढे न्यायची मर्यादा ३० दिवसांची. पण मागून नाकारलेली रजा त्या ३० मध्ये मोजत नसत, ती कितीही पुढे जायची.

दर कशावर? कलम ८०. रजेच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या पूर्ण कमाईची सरासरी. ओव्हरटाइम आणि बोनस वगळायचा, महागाई भत्ता धरायचा. निव्वळ बेसिक नव्हे! आमच्याकडे एका नव्या पर्सोनेल ऑफिसरने बेसिकवर हिशेब काढला होता. कलम दाखवल्यावर तीन दिवसांत बदलून दिला.

---

कलमदान
सुरेशभाऊंनी बरोबर लिहिलं. त्यात भर घालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्यात. वेतन संहितेप्रमाणे राजीनामा असो की काढून टाकणं असो, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे. '४५ दिवसांनी एफ अँड एफ करतो' ही जी सगळीकडे सवय पडलीय ती याच्याशी जुळत नाही. व्यावसायिक सुरक्षा संहितेत भरपगारी रजेसाठी २४० ऐवजी १८० दिवस पुरतात. वर्षअखेरीला कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे घेता येतात. तिथेही नाकारलेली रजा मर्यादेविना पुढे जाते. मात्र 'कामगार' कोण ही अट तिथेही आहे. पर्यवेक्षी काम करणारा आणि १८,००० च्या वर पगार असणारा त्यात बसत नाही.

मॅनेजर मंडळींनी आपलं अपॉइंटमेंट लेटर आणि हँडबुक काढून बसावं. त्यांचा हक्क करारातून येतो. वकिलाची नोटीस, मग दिवाणी दावा. त्याची मुदत ३ वर्षं.

---

गोदाकाठ
मी एचआरमध्ये आहे, नाशिकला. चाफेकळी, तुम्हाला जे झालं त्याचं वाईट वाटलं आणि आतली बाजू सांगावीशी वाटली.

कंपन्या रजा कमी का करत सुटल्यात? शिल्लक रजा म्हणजे कंपनीच्या डोक्यावरचं देणं. हिशेबाच्या नियमांप्रमाणे दर वर्षी अ‍ॅक्चुअरीकडून (अशी देणी मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून) त्याचा आकडा काढून ताळेबंदात तरतूद दाखवावी लागते. माणसांचे पगार वाढले की जुन्या रजांची किंमतही आपोआप वाढते. मग वरून विचारणा होते की हा आकडा खाली कसा आणता? सोपा उपाय म्हणजे 'डिसेंबरनंतर लॅप्स'. वर्षभर रजा मंजूर करायची नाही आणि डिसेंबरला पुसून टाकायची, हे दोन्ही एकाच कंपनीत चालतं तेव्हा ते अन्यायाचंच आहे. मी आमच्याकडे हे भांडून बदलून घेतलं. नाकारलेल्या रजेला पोर्टलवर वेगळा कोड दिला, ती लॅप्सच होत नाही. माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशा गोष्टींतली ही एक.

तुमच्या कागदातला नोटीस आणि रजेचा वेगवेगळा दर बऱ्याच ठिकाणी चालतो. अपॉइंटमेंट लेटर बघा. तिथे 'नोटीसच्या बदल्यात बेसिक' लिहिलंय की 'ग्रॉस' (पूर्ण पगार)? नुसतं 'सॅलरी' लिहिलं असेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूने मांडता येईल. एका दिवसाचा दर काढताना महिन्याचा पगार भागिले ३० की २६, तेही हँडबुकात बघा. ग्रॅच्युइटीला २६ ने भागतात म्हणून लोक रजेलाही तेच धरतात, पण रजेला बहुतेक कंपन्यांच्या पॉलिसीत ३० असतं. तुमच्या ४१ दिवसांचे ३० ने ५२,४८० होतात आणि २६ ने साधारण ६०,५५४.

आणि एक तपासा. रजेच्या पैशातून पीएफ कापलाय का? रजा रोखीकरण हे पीएफसाठी मूळ वेतन नाही असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये मणिपालच्या खटल्यात सांगितलंय.

---

चाफेकळी
पीएफ कापला नाही. अपॉइंटमेंट लेटरमध्ये 'नोटीस पे' एवढंच लिहिलंय! कशावर ते नाही. इतकी वर्षं तो कागद फाइलमध्ये होता, आज पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली.

---

रत्नांग्री_४१५६१२
सरकारी नोकरांचं वेगळं असतं. मी राज्य शासनातून निवृत्त झालो, ३०० दिवसांची मर्यादा. अर्जित रजा सेवापुस्तकात लाल-निळ्या शाईत, वर्षातून दोनदा जमा. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, भागिले ३०, गुणिले दिवस. पण राजीनामा देणाऱ्यांनी लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या नियमांत राजीनामा दिल्यास शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्या दिवसांचे पैसे मिळतात, आणि तेही १५० दिवसांपर्यंतच. आमच्या ओळखीतला एक मुलगा हे न बघता खासगीत गेला.

मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलेला निकालही वाचा. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेतल्या माजी कर्मचाऱ्यांचा. बँकेचं म्हणणं, राजीनामा दिला म्हणून रजेचे पैसे नाहीत. कोर्टाने सांगितलं की कमावलेली रजा ही पगारासारखीच आहे, ती माणसाची मालमत्ता आहे, आणि कायद्याचा आधार असल्याशिवाय ती हिरावून घेता येत नाही. घटनेचं कलम ३००अ. बँक सरकारी क्षेत्रातली, त्यामुळे रिट चाललं. खासगी कंपनीविरुद्ध तसं सरळ हायकोर्टात जाता येत नाही. पण वाचून बळ येतं. मी तर दोनदा वाचला.

---

आंबेमोहर
मी सहसा लिहीत नाही. माझे मिस्टर चाकणला क्वालिटीमध्ये होते. तीन वर्षांपूर्वी ड्युटीवरून येताना गेले. त्यांच्या ५२ दिवसांच्या रजा होत्या हे मला माहीतच नव्हतं. पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा या सगळ्यांचे फॉर्म कंपनीने दिले, रजेचं कोणी बोललं नाही. दहाव्याला त्यांचा सहकारी आला होता. जाताना चपला घालता घालता तो हळूच म्हणाला, "वहिनी, साहेबांनी दिवाळीलाही रजा घेतली नव्हती, रजेचे पैसे विचारा." त्या एका वाक्यामुळे मी विचारले आणि मिळाले.

घरात नवरा-बायको दोघांनाही एकमेकांची शिल्लक रजा माहीत असू द्या. वारसाला मिळालेल्या या पैशावर आयकर लागत नाही. मला तेही कोणी सांगितलं नव्हतं, सीएने सांगितलं.

---

पिंपरीवाला
वहिनी, लिहिलंत हे फार चांगलं केलंत. कारखान्यात असं झालं तर दोन महिन्यांच्या आत वारसाला रजेचा पगार द्यायचा, हेही त्याच कलम ७९ मध्ये होतं.

---

हिशेबवही
टॅक्सवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सीए आहे.

नोकरीत असताना दर वर्षी रजा विकून घेतलेले पैसे पूर्ण करपात्र. नोकरी सोडताना मिळालेल्यांना सूट आहे, आणि त्यासाठी ५८ वर्षांचं व्हावं लागत नाही, राजीनामाही चालतो. १९६१ च्या आयकर कायद्यात (तो ३१ मार्च २०२६ पर्यंत लागू होता) हे कलम १०(१०एए) होतं. खासगी नोकरदारांची मर्यादा २००२ पासून ३ लाखांवर अडकून होती. ती १ एप्रिल २०२३ पासून २५ लाख झाली. ही मर्यादा आयुष्यभराची, सगळ्या नोकऱ्या मिळून. नव्या करप्रणालीतही ही सूट मिळते. लोक हमखास सोडून देतात म्हणून ठळक सांगते.

चार आकडे काढायचे: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, शेवटच्या १० महिन्यांच्या सरासरीने १० महिन्यांचा पगार, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षाला जास्तीत जास्त ३० दिवस धरून शिल्लक राहिलेल्या रजेची किंमत, आणि २५ लाखांतून आधी घेतलेली सूट वजा जाता उरलेली रक्कम. सगळ्यांत लहान तेवढी सूट. यात पगार म्हणजे बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), घरभाडे भत्ता नाही. चाफेकळीच्या बाबतीत सगळीच रक्कम करमुक्त बसते. कंपनीने टीडीएस कापला असेल तरी घाबरायचं नाही, रिटर्नमध्ये सूट दाखवायची, परतावा मिळतो. सरकारी नोकरांना निवृत्तीच्या वेळी पूर्ण माफ.

---

खाडीपलीकडे
कॅलिफोर्नियातून. इथे साठलेली सुट्टी म्हणजे पगारच, असं १९८२ पासून कोर्टाने पक्कं केलंय. 'वापरा नाहीतर गेली' असा नियम कंपनीला करताच येत नाही. जास्तीत जास्त किती साठेल याला वरची मर्यादा घालता येते, पण एकदा जमा झालेली पुसता येत नाही. काढून टाकलं तर त्याच दिवशी चेक. ७२ तास आधी सांगून सोडलं तर शेवटच्या दिवशी. जाणूनबुजून उशीर केला तर दर दिवसाला एक दिवसाचा पगार दंड, ३० दिवसांपर्यंत. माझ्या वेळी मला चेक निरोपाच्या केकबरोबर हातात मिळाला होता.

पण बहीण टेक्ससला आहे, तिथे कंपनीच्या पॉलिसीत असेल तर मिळतं, नसेल तर नाही. आणि आता इकडे 'अनलिमिटेड सुट्टी' देणाऱ्या कंपन्या वाढल्यात. तिथे दिवस साठतच नाहीत, त्यामुळे सोडताना सहसा हातात काही येत नाही. ऑफर घेताना आपल्या मुलांनी हे विचारून घ्यावं.

---

वाळवंटातला_मालवणी
दुबई. हंय वर्षाक ३० दिवस. सोडताना उरलेल्या दिवसांचे पैसे बेसिकवर, आणि सगळा हिशेब करार संपल्यापासून १४ दिवसांत. म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांनी बेसिक किती आणि भत्ते किती हे आधी बघून घ्या. एकूण आकडा मोठा आणि बेसिक बारीक असला की रजेत आणि ग्रॅच्युइटीत दोन्हीकडे मार बसतो.

---

कलमदान
चाफेकळी, आता काय करायचं ते. फोन नको. एचआर आणि त्यांच्या वरच्या साहेबांना एकच मेल. त्यात रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख, स्क्रीनशॉट, हँडबुकचं पान, दोन नाकारलेल्या अर्जांच्या तारखा आणि रकमेचा हिशेब. एफ अँड एफच्या कागदावर 'सर्व देणी मिळाली' असं सही करून देऊ नका. द्यावीच लागली तर 'रजेच्या रकमेबाबत हरकत राखून' असं हाताने लिहून सही करा. उत्तरासाठी १५ दिवस द्या. नाही आलं तर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज, तिथे दोघांना समोर बोलावतात. तिथेही मिटलं नाही तर थकीत रकमेचा दावा.

भाषा मऊ ठेवा, आकडे पक्के ठेवा.

---

चाफेकळी
मंडळी, उत्तर आलंय, म्हणून धागा वर आणते.

मेल पाठवला त्या रात्री झोप लागली नाही. रिलीव्हिंग लेटर अडवतील, नव्या ठिकाणी काही कळवतील, असं काय काय डोक्यात येत होतं. नवऱ्याने शेजारी बसून स्क्रीनशॉट जोडला आणि 'पाठव' म्हणाला. नवव्या दिवशी फायनान्सच्या साहेबांचा फोन आला. मी नम्रपणे म्हटलं, सर, मेलवर लिहून द्याल का. दिलं.

नाकारलेले १० आणि १२, असे २२ दिवस त्यांनी मान्य केले. म्हणजे आधीचे १२ धरून ३४ दिवस, ४३,५२० रुपये. नोटीसची वजावटही बेसिकवर आणली, ३८,४०० ची १९,२०० झाली. आधी २३,०४० कापले होते, आता माझेच २४,३२० निघतात. काल खात्यात कापलेले आणि निघालेले मिळून ४७,३६० जमा झाले. नोव्हेंबरचा मेल त्यांनी स्वतःच शोधून जोडला होता. तो उघडून पाहिला. माझ्या अर्जात कारण लिहिलं होतं, 'मुलाला किल्ले दाखवायचे आहेत.'

उरलेल्या ७ दिवसांना मात्र नकारच आहे, ८,९६० रुपये. त्यांचं म्हणणं, ते दिवस तुम्ही मागितलेच नव्हते. माझं म्हणणं, हँडबुकात ४५ लिहिलंय आणि नव्या पॉलिसीवर माझी सही नाही. कलमदानकाका, याचा अर्ज आयुक्त कार्यालयात सोमवारी देते आहे. मसुदा रात्री तुम्हाला पाठवते, एकदा नजर टाकाल का?

---

कलमदान
पाठवा. हँडबुकचं पहिलं पानही जोडा, ज्यावर आवृत्तीची तारीख आहे.